सेको ५ ला १९५३ सालचा चेहरा

नव्या घड्याळाला जुन्या घड्याळाचे रूप द्यायचे ठरवले की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या जुन्या घड्याळाचे, हा. आणि बहुतेकांचे काम तिथेच फसते. ‘जुनाट दिसले पाहिजे’ एवढेच मोघम मनात धरून आज तपकिरी पट्टा लावला, पुढच्या महिन्यात पिवळसर काटे मागवले, मग कुठेतरी पाहून फुगीर काच बसवली, तर शेवटी मनगटावर येते ते कोणत्याच काळाचे घड्याळ नसते. म्हणून एकच नमुना निवडावा, त्याची निरनिराळ्या कोनांतून काढलेली छायाचित्रे जमवावीत आणि प्रत्येक सुटा भाग विकत घेण्यापूर्वी तो त्या छायाचित्रांशी ताडून पाहावा. या लेखापुरता नमुना घेतला आहे तो ब्लाँपँ या स्विस कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या ‘फिफ्टी फॅदम्स’ या पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या, घड्याळाचा, आणि ज्याच्यावर काम करायचे ते घड्याळ आहे सेको ५ मालिकेतील एसएनझेडएच ५५. हे मॉडेल आता कारखान्यातून येत नाही, परंतु वापरलेले नग सहज मिळतात, आणि या कामासाठी नवे कोरे घड्याळ घेण्याची गरजही नाही, कारण त्याची तबकडी, काटे, काच आणि पट्टा हे सारे बदललेच जाणार आहे.

नमुन्याची थोडी माहिती आधी करून घेतलेली बरी, कारण त्यातील प्रत्येक वैशिष्ट्यामागे उपयोगाचे कारण होते आणि ते कारण माहीत असले की काय राखायचे व काय सोडायचे हे आपोआप कळते. त्या वेळी ब्लाँपँचे प्रमुख असलेले ज्याँ-जाक फिश्तेर स्वतः पाण्यात बुडी मारणारे होते. त्याच सुमारास फ्रान्सच्या सैन्यदलांतील बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोघे अधिकारी आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी योग्य घड्याळ शोधत होते. गढूळ, काळोख्या पाण्यात एका दृष्टिक्षेपात वेळ कळावी म्हणून काळी तबकडी, तिच्यावर जाडजूड चमकत्या खुणा आणि रुंद काटे. पाण्याखाली किती मिनिटे गेली हे मोजण्यासाठी फिरते बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे. आणि त्या बेझलवरही अंधारात चमकणाऱ्या खुणा, असा सारा मामला होता. घड्याळाच्या नावातले पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर खोली. बेझलवरील काळी पट्टी बेकेलाइटची, किंचित फुगीर आणि काचेसारखी तकाकणारी असे, आणि ती ठिसूळ असल्याने आज उरलेल्या जुन्या नगांमध्ये अखंड पट्टी क्वचितच दिसते. माझ्या मते या घड्याळाचा चेहरा ओळखू येतो तो तबकडीपेक्षाही या फुगीर, ओलसर चकाकीच्या पट्टीमुळे. दुसरे काहीही जमले नाही तरी चालेल, पण ती पट्टी नीट बसली पाहिजे.

एसएनझेडएच निवडण्याचे कारणही इथेच सांगतो. त्या काळची बहुतेक मनगटी घड्याळे ३३ ते ३६ मिलिमीटर व्यासाची असत, त्यामुळे आजच्या थोराड केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीत, त्यांचे रूप आणणे अवघड जाते. चेहरा जुना आणि अंगकाठी नवी, असा प्रकार होतो. फिफ्टी फॅदम्स मात्र मुळातच मोठे, ४१-४२ मिलिमीटरच्या घरातले होते, आणि एसएनझेडएचची केसही साधारण तेवढीच आहे. सेकोच्या बऱ्याच पाणबुड्या घड्याळांत चावी चारच्या आकड्याजवळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसचे खांदे पुढे आलेले असतात. एसएनझेडएचमध्ये चावी तीनच्या आकड्यासमोर आहे आणि तिला असे खांदे नाहीत. म्हणजे जे बदलणे आपल्या हातात नसते, ते इथे आधीच जुळलेले आहे. पट्ट्यासाठीची जागा २२ मिलिमीटरची आहे आणि आतले मशीन ७एस३६ हे तेवीस ज्यूएलचे (झीज रोखणाऱ्या खड्यांचे), आपोआप चावी भरणारे आहे. या मशीनला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबतही नाही. ज्यांना या गोष्टी हव्या असतील ते याच जागी या दोन्ही सोयी असलेले एनएच३६ हे मशीन बसवतात; पण रूप बदलण्याच्या कामाशी त्याचा संबंध नाही आणि पहिल्याच प्रयत्नात मशीनही बदलायला घेऊ नये, असे मी सुचवेन.

सुटे भाग मागवण्याआधी नावाचा प्रश्न मिटवून टाकावा. बाजारात ब्लाँपँचे नाव छापलेल्या तबकड्याही मिळतात. त्या घेऊ नयेत. दुसऱ्याच्या नावाची तबकडी सेकोच्या केसमध्ये बसली की ते रूप देणे राहत नाही, ते बनावट घड्याळ होते, आणि असे घड्याळ विकणे हा भारतात १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे. कोणतेही नाव नसलेली कोरी तबकडी किंवा सेकोचेच नाव असलेली तबकडी घ्यावी. आपल्याकडे याच्या उलट दिशेचा गोंधळ गेली कित्येक वर्षे चालू आहे: जुन्या एचएमटी घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून, वर वाटेल ती चित्रे आणि नावे छापून ती ‘अस्सल जुनी’ म्हणून परदेशी ग्राहकांना विकली जातात, आणि संग्राहकांमध्ये अशा घड्याळांना ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणण्याची पद्धतच पडली आहे. आपण करतो आहोत ते हौसेचे काम आहे, आणि ते हौसेचेच राहावे यासाठी तबकडीवरील नाव खरे असावे.

मागवायच्या वस्तूंमध्ये तबकडी, काटे, काच आणि बेझलची पट्टी या चार मुख्य आहेत. तबकडी २८.५ मिलिमीटर व्यासाची असावी. काट्यांच्या भोकांची मापे सेकोच्या या मशीनसाठी तास १.५०, मिनिट ०.९० आणि सेकंद ०.२० मिलिमीटर अशी असतात. ईटीए २८२४ या स्विस मशीनसाठीच्या काट्यांमध्ये पहिली दोन मापे नेमकी हीच आहेत, मात्र सेकंद काट्याचे भोक ०.२५ मिलिमीटरचे असते; त्यामुळे दिसायला सुंदर असा स्विस मापाचा संच घेतला तर तास आणि मिनिट काटे घट्ट बसतात आणि सेकंद काटा दोन दिवसांत सुटून काचेखाली लोळत पडतो. काट्यांचा आकार रुंद, सरळ आणि टोकाला पेन्सिलीसारखा निमुळता असावा. काचेचा व्यास आणि कडेची जाडी मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. मूळ काच काढून व्हर्निअरने मोजावी आणि मगच नवी मागवावी. परदेशातून टपालाने आलेल्या भागांवर सीमाशुल्क लागू शकते, हे हिशेबात धरावे.

हत्यारांवर फार खर्च करण्याचे कारण नाही, पण ज्यांवर करायचा त्यांवर कंजुषी करू नये. चांगला चिमटा, डोळ्याला लावायची आयग्लास, काटे उचलण्याच्या दोन तरफा, काटे बसवण्याचा दाबक, मशीन धरण्याचा ठोकळा, मागचे झाकण उघडण्याचा तीन पायांचा पाना, काच दाबण्याचे यंत्र आणि धूळ उडवण्याचा रबरी फुगा एवढ्यावर काम होते. तोंडाने फुंकर मारण्याची सवय असेल तर ती आजच मोडावी, कारण काळ्या तबकडीवर पडलेला थुंकीचा एक सूक्ष्म तुषार वाळल्यावर पांढरा डाग होऊन बसतो आणि तो पुसायला गेले की चकाकी जाते. रोडिको नावाची हिरवट, मळलेल्या कणकेसारखी वस्तू जवळ असावी. तिने धूळ आणि बोटांचे ठसे टिपता येतात आणि पुढे सेकंद काटा बसवताना ती फार उपयोगी पडते. बोटांवर रबरी टोप्या घालाव्यात. मुख्य घड्याळाला हात लावण्यापूर्वी घरात बंद पडून राहिलेल्या एखाद्या जुन्या घड्याळाचे काटे दहा-बारा वेळा काढून बसवावेत. हाताला किती दाब पुरतो हे वाचून कळत नाही, आणि ते शिकण्याचे साधन आपले नवे घड्याळ असू नये.

टेबल स्वच्छ पुसून त्यावर फिकट रंगाचा, धागे न सुटणारा कपडा अंथरावा आणि पंखा बंद करावा. मागचे झाकण उघडले की फिरता रोटर, म्हणजे चावी भरणारे अर्धगोल वजन, दिसतो. चावी पूर्ण आत दाबलेली ठेवून मशीनच्या कडेशी, चावीच्या दांड्याजवळ असलेला छोटा खळगा शोधावा. रोटर फिरवून बाजूला घेतल्याशिवाय तो दिसत नाही. त्या खळग्यावर बारीक पेचकसाच्या टोकाने हलकेच दाब देऊन चावी सरळ बाहेर ओढावी. दाब हलकाच हवा. जोर लावला तर चावी लावण्याची आतली यंत्रणा जागा सोडते आणि मग मशीन खोलण्यावाचून इलाज उरत नाही. चावी निघाली की केस उलटी करून मशीन तबकडीसकट तळहातावर नव्हे, तर ठोकळ्यावर उतरवून घ्यावे. केस आणि झाकण बाजूला ठेवून मशीनवर उलटी वाटी झाकावी. दुसरे काम करताना ते उघडे ठेवू नये.

काटे काढताना तबकडीवर पातळ प्लॅस्टिकचा, मध्ये चीर दिलेला तुकडा ठेवावा आणि तरफा त्यावर टेकवून दोन्ही बाजूंनी सारखाच जोर द्यावा. तिन्ही काटे एकावर एक आणून ठेवले म्हणजे तरफा खाली सरकवणे सोपे जाते. मूळ तबकडी मशीनच्या भोवतीच्या प्लॅस्टिकच्या कड्यात तिच्या मागच्या बारीक खुंट्यांवर घट्ट बसलेली असते, तिला स्क्रू नसतात. म्हणून कडेने फिरत फिरत थोडी थोडी उचलावी, एकाच जागी उचकटू नये.

आता नवी तबकडी. सेकोसाठी बाहेर तयार होणाऱ्या बऱ्याच तबकड्यांना मागे चार खुंट्या असतात: दोन तीनच्या आकड्यासमोर चावी असलेल्या घड्याळासाठी आणि दोन चारजवळ चावी असलेल्या घड्याळासाठी. आपल्याला लागणाऱ्या दोन कोणत्या, हे मूळ तबकडी शेजारी उलटी ठेवून ताडून घ्यावे, त्यांना मार्कर पेनाने खूण करावी आणि मगच उरलेल्या दोन तारा कापायच्या बारीक कात्रीने मुळाशी कापाव्यात. मी पहिल्या खेपेस तबकडी हातात उलटी आहे हे विसरून डावे-उजवे केले आणि हव्या होत्या त्याच खुंट्या छाटल्या; तबकडी गेली आणि पुढची येईपर्यंत पाच आठवडे थांबावे लागले. कापताना उडणारा तुकडा मशीनमध्ये जाऊ नये म्हणून हे काम मशीनपासून दूर, दुसऱ्या टेबलावर करावे, आणि कापलेले दोन्ही तुकडे मोजून डबीत टाकावेत.

खिडकी असलेली तबकडी घ्यावी की बिनखिडकीची, हा निर्णय आधीच झालेला असावा. मूळ मशीनमध्ये वार आणि तारीख दोन्ही आहेत, आणि तीनजवळची ती रुंद पांढरी खिडकी जुन्या रूपाचा सर्वांत आधी घात करते. बिनखिडकीची काळी तबकडी बसवली की चेहरा एकदम बदलतो. वाराची आणि तारखेची चकती खाली आहे तशी राहू द्यावी, ती काढण्याच्या भानगडीत पडू नये. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: चावीची मधली पायरी आता निरुपयोगी झाली आहे, आणि तबकडीखाली मध्यरात्र केव्हा होते हे आपल्याला दिसत नाही. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख हाताने फिरवली तर तिचे दाते दुखावतात. कोणती वेळ आतली रात्र आहे हे कळणार नसल्याने त्या मधल्या पायरीवर चावी कधीच फिरवू नये. ज्यांनी खिडकी ठेवली आहे त्यांनी मात्र काटे बसवण्यापूर्वी चावी घालून तारीख उलटेपर्यंत मशीन फिरवावे, आणि उलटण्याच्या त्या क्षणी दोन्ही काटे बारावर बसवावेत. नाहीतर तारीख दुपारी किंवा पहाटे बदलू लागते.

काटे बसवणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. मशीन ठोकळ्यात असावे, म्हणजे दाब रोटरवर जाणार नाही. तास काटा बारावर ठेवून दाबकाने सरळ खाली दाबावा आणि आयग्लास लावून बाजूने पाहावे. तो तबकडीशी अगदी समांतर हवा. मग मिनिट काटा नेमका त्याच्यावर. दोन्ही बसल्यावर चावीने पूर्ण बारा तास फिरवून प्रत्येक तासाला बाजूने पाहावे, कारण एका जागी सुटा वाटणारा काटा दुसऱ्या जागी खुणेला घासू शकतो, विशेषतः तबकडीवरील खुणा जाड असतील तेव्हा. सेकंद काट्याचे भोक केसाइतके बारीक असते. त्यासाठी दातकोरणीच्या टोकाला रोडिकोचा तिळाएवढा गोळा लावावा, त्याला काटा चिकटवावा आणि मधल्या दांड्यावर नुसता टेकवावा. आयग्लासमधून पाहत काटा किंचित हलवत राहिले की भोक दांड्यावर उतरल्याचे बोटाला कळते. कळल्यावरच दाबायचे. आधी दाबले तर बारीक नळी वाकते आणि काटा पुन्हा कधी सरळ बसत नाही.

आता चमकत्या रंगाविषयी. मूळ घड्याळांत रेडियमयुक्त रंग असे, आणि सत्तर वर्षांत तो बेसनाच्या लाडवापासून भाजलेल्या कॉफीपर्यंतच्या छटांमध्ये काळवंडला आहे. आज ‘ओल्ड रेडियम’ या नावाने मिळणाऱ्या सुपर-ल्युमिनोव्हा या अंधारात चमकणाऱ्या रंगाच्या भुकटीत किरणोत्सर्ग नाही, फक्त रंगछटा तशी आहे. तयार काटे पांढरे मिळाले तर त्यांतील रंग काढून हा भरता येतो. काटा उलटा ठेवावा, भुकटी आणि तिचे वार्निश दाट मधाइतके कालवावे, आणि सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन काट्याच्या पोकळ चौकटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत न्यावा. थेंबाचा पडदा आपोआप धरला जातो आणि पुढच्या बाजूला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. चोवीस तास झाकून वाळू द्यावे. गडद तपकिरी छटेचा मोह होतो, परंतु रंग जितका गडद तितकी रात्रीची चमक कमी. तबकडी, काटे आणि बेझल यांवरील छटा एकाच कुळातील असाव्यात. काटे तबकडीपेक्षा किंचित वेगळे झाले तर बिघडत नाही, जुन्या घड्याळांतही ते तसेच आढळते. चहाच्या पाण्यात काटे बुडवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये. रंग ठिगळासारखा धरतो आणि ओल आत राहते.

इथे एक सूचना गंभीरपणे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा घरच्या जुन्या पेटीत सापडलेले खरे जुने काटे आपल्या घड्याळात वापरावेत, असा विचार मनात येतोच. १९६० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे काटे असतील तर त्यांवरील रंग खरवडू नये, त्यावर फुंकू नये, तो बोटाने घासूही नये. तो रंग आता अंधारात चमकत नाही म्हणून निर्धोक झाला असे समजणे चुकीचे आहे. चमकणारे जस्ताचे संयुग थकले आहे, पण रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे हाच खरा धोका. असे काटे बंद डबीत तसेच राहू द्यावेत.

केस मोकळी आहे तोवर बेझल आणि काच बदलून घ्यावी. केसवर कागदी चिकटपट्टी लावून, बेझल आणि केस यांच्यामधील फटीत पातळ सुरी सरकवावी आणि सावकाश पिरगाळावी. बेझल टक्कन सुटते. आतली लहान स्प्रिंग उडून जाण्याची शक्यता असल्याने हे काम प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून करावे. बेझलमधील मूळ पट्टी हेअर ड्रायरने गरम करून आतून ढकलली की निघते, आणि उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. तिच्या जागी फुगीर, वरून पारदर्शक आणि खालून रंगवलेली अशी ॲक्रिलिकची किंवा सॅफायरची पट्टी बसवायची. बेकेलाइटची ती ओलसर चकाकी ॲक्रिलिक अधिक चांगली देते. सॅफायरवर ओरखडे पडत नाहीत, पण तिची चकाकी थंड वाटते. मी ॲक्रिलिक घेतो आणि ओरखडे पडू देतो. चिकटवण्यासाठी घड्याळजींचा सावकाश वाळणारा गोंद किंवा दुहेरी चिकटपट्टीचे कडे वापरावे. घरातला झटपट चिकटणारा गोंद वापरला तर वाळताना त्याची वाफ आसपासच्या काचेवर आणि रंगवलेल्या बाजूवर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. पट्टी चिकटवण्यापूर्वी बेझल केसवर बसवून, एका टिचकीवर स्थिर करून, बारावरील खूण तबकडीच्या बाराशी जुळते का हे पाहावे. अर्ध्या मिनिटाचा फरकही या घड्याळात पहिल्या नजरेत दिसतो.

काच काढताना दाबयंत्राची मोठी वाटी केसच्या कडेला आणि लहान वाटी आतून काचेला टेकवावी. नव्या काचेबरोबर नायलॉनचे नवे कडेही घालावे आणि काच तिरकी जात नाही ना हे दर पाव फेऱ्याला थांबून पाहावे, कारण तिरकी गेलेली काच कड्याचा तुकडा कापते आणि तो तुकडा डोळ्याला दिसला नाही तरी पाण्याला दिसतो. काच निवडताना दोन बारकावे पाहावेत. वरून फुगीर आणि खालून सपाट अशी काच कडेला तबकडीची रेघ किंचित वाकवून दाखवते, जशी जुनी ॲक्रिलिक काच दाखवत असे. दोन्ही बाजूंनी फुगीर असलेली काच हा दोष दूर करते आणि तोच आपल्याला हवा असतो. दुसरे, परावर्तन कमी करणारा लेप निळसर असेल तर उन्हात तबकडीवर निळी झाक मारते आणि १९५३ सालचा सगळा भास क्षणात मोडतो. बिनलेपाची काच इथे उत्तम.

केस कृत्रिमरीत्या झिजवू नये, असे माझे मत आहे. कानसेने कडा गोल केलेल्या, आम्लाने डागाळलेल्या केस मी पाहिल्या आहेत आणि त्या जुन्या नव्हे, छळलेल्या दिसतात. फार तर वरची आरशासारखी चकाकी मारण्यासाठी स्वयंपाकघरातली हिरवी घासणी, तीही नवी आणि कोरडी, एकाच दिशेने आठ-दहा वेळा फिरवावी. त्या वेळी केसमध्ये मशीन, काच आणि बेझल काहीही नसावे. पट्टा अडकवण्याचे कान आणि कडा यांना हात लावू नये. मग केस कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी.

केस बंद करण्यासाठी हवा कोरडी हवी. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात बंद केलेल्या केसमध्ये पावसाळ्याची दमट हवा कोंडली जाते, आणि पहिल्यांदा वातानुकूलित खोलीत शिरले की काचेच्या आतून धुके धरते. माझ्या दुसऱ्या घड्याळाचे असेच झाले, आणि गळती शोधण्यात मी दोन रविवार घालवले. पावसाळ्यात काम करणे भागच असेल तर मशीन, केस आणि झाकण सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी लगेच बंद करावे. बंद करण्यापूर्वी काचेच्या आतील बाजूवर आणि तबकडीवर तिरका प्रकाश टाकून धूळ पाहावी, फुग्याने उडवावी, चावीच्या आणि झाकणाच्या रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, मग मशीन बसवून चावी आत सरकवावी आणि झाकण घट्ट करावे. हे घड्याळ मुळात १०० मीटरपर्यंत जलरोधक असले तरी काच बदलल्यावर तो आकडा कागदावरचाच राहतो. दाबचाचणीचे यंत्र असलेल्या घड्याळजीकडून कोरडी चाचणी करून घेईपर्यंत ते हात धुतानाही काढून ठेवावे.

पट्ट्याबाबत एक ऐतिहासिक चूक फार लोक करतात. ‘नाटो’ म्हणून विकला जाणारा दुमडलेला नायलॉनचा पट्टा ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या मानकातून आला, म्हणजे आपल्या नमुन्याहून वीस वर्षांनी धाकटा आहे. साधा एकपदरी कापडी पट्टा या घड्याळावर शोभतो. साठच्या दशकात पाणबुड्यांमध्ये लोकप्रिय झालेला ‘ट्रॉपिक’ धाटणीचा, जाळीदार ठशाचा काळा रबरी पट्टाही चालतो; तो काटेकोरपणे त्या वर्षाचा नसला तरी त्या घराण्यातला आहे, आणि आपल्या घामाच्या हवेत तो चामड्यापेक्षा कितीतरी बरा. पट्टा धरणाऱ्या पिना नव्याच वापराव्यात.

काम झाल्यावर घड्याळ दोन दिवस तबकडी वर करून, एक दिवस चावी खाली करून ठेवावे आणि रोज ठरावीक वेळी सेकंदांची नोंद करावी. सेकंद काटा एखाद्या ठरावीक जागी क्षणभर अडखळत असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासत आहेत. झाकण उघडून पुन्हा पाहावे, चालेल तसे चालवू नये. मूळ तबकडी, काटे, काच आणि बेझलची पट्टी गोळ्यांच्या सात खणी डबीत वेगवेगळ्या खणांत ठेवून वर घड्याळाच्या झाकणावरील क्रमांक लिहून ठेवावा. उद्या घड्याळ दुसऱ्या कोणाला द्यावेसे वाटले तर ती डबी आणि काय काय बदलले याची चिठ्ठी त्यासोबत जाऊ द्यावी.